मास्तरीण आणि अकरा अंडी

मंगळवार, ४ मार्च

चाळीस वर्षं मी सभांमधून एकच गोष्ट सांगत आले: घाण हे नशीब नाही, ती सवय आहे, आणि सवय मोडता येते. गटारं झाकून घेतली, कारखान्यांत हात धुवायला नळ बसवून घेतले, पालिकेच्या दारात उन्हातान्हात ठिय्या दिला. निवृत्त होऊन धाकट्या बहिणीकडे राहायला आले, तर इथे काय पाहिलं? मागचं अंगण म्हणजे नुसता फुफाटा. कोंबड्या त्यात खड्डे करून आडव्या पडलेल्या, पंखांनी अंगावर माती उडवून घेताहेत, आणि ती धूळ थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी दुसऱ्या आठवड्यात गवंडी बोलावला आणि माझ्याकडून भेट म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी घालून दिली. सहा आठवडे झाले त्याला. रोज सकाळी मी स्वतः धुते. आरशासारखी चमकते.

फरशी पुरी झाली त्या दिवशी धाकटी बराच वेळ दारात उभी होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ताई, किती केलंस गं." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. भेट मनाला भिडली की माणसाला शब्द सुचत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलंय.

पण आज वही उघडली ती मास्तरणीसाठी. गेल्या मंगळवारी मुंगसाने कोंबडा नेला. पिसं तेवढी भिंतीपाशी उरली. नऊ कोंबड्यांतली मास्तरीण ही काळी कोंबडी आमच्या आईने पाळलेल्या कोंबड्यांच्या वंशातली शेवटची. मान तिरकी करून ती असं बघते, की गृहपाठ विसरल्यासारखं वाटावं. कोंबडा होता तोवरची तिची अकरा अंडी धाकटीने टोपलीत जपून ठेवली होती. रविवारी मास्तरीण खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसली. धाकटीने तिला पेंढा घातलेल्या पेटीत बसवून ती अकराही अंडी तिच्याखाली सारली. कोंबडा नाही, म्हणजे यापुढची अंडी खायची, उबवायची नव्हेत. आईच्या कोंबड्या पुढे चालायच्या तर याच अकरांतून. एकवीस दिवस लागतात. तेवीस तारखेला कळेल.

बाकीच्या आठजणींना मात्र शिस्त राहिलेली नाही. माझ्या गुलाबाच्या कुंड्या उकरतात. आज दोघींना हाकललं.

शुक्रवार, ७ मार्च

मास्तरीण आज तीनदा उठली. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणा-पाणी करते आणि परत बसते. ही उठून शेपटीखाली चोचीने स्वतःलाच ओरबाडत होती.

धाकटीने तिला काखेत घेतलं, डोकं मागे, शेपटी पुढे. शेपटी वर केली आणि पिसांवर फुंकर मारली. पिसं दुभागली, खालची कातडी दिसली, आणि कातडीवरून वाळक्या गवताच्या रंगाचे ठिपके पळाले. "उवा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम कोरडा झाला.

तिचे यजमान समोरच्या खोलीतल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून आले. गल्लीत सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात, मीही तेच म्हणते. डोळ्याला भिंग लावलेलंच होतं. ते वाकले, बराच वेळ वाकून राहिले.

"ताई, बघा. मोर्चा चाललाय. घोषणा तेवढ्या ऐकू येत नाहीत."

मी भिंगातून पाहिलं. चपट्या, पिवळट, सहा पायांच्या, आणि काय ती लगबग! पिसांच्या मुळाशी साखरेचे दाणे पाघळून चिकटावेत तशा लिखांच्या गुठळ्या. मला मानेवर, हातांवर, सगळीकडे खाज सुटली.

"उगाच खाजवू नकोस," धाकटी म्हणाली. "कोंबडीची ऊ माणसाच्या अंगावर संसार थाटत नाही."

"पण आल्या कुठून? अंगण रोज धुतेय मी! चिमण्यांनी आणल्या असणार. कौलावर चिमण्यांची घरटी आहेत, ती आधी—"

"चिमण्या पूर्वीही यायच्या, ताई."

एवढं बोलून ती मास्तरणीला परत पेटीत बसवायला गेली. तिला चिमण्यांचा लळा आहे. भावनेपुढे तर्क चालत नाही.

मग तिने बाकीच्या आठ तपासल्या. एकेक धरायची, फुंकर मारायची, शेपटीखाली बघायचं, मग पंखांखाली, मग मानेत. सगळ्यांवर उवा. मास्तरणीवर सर्वांत जास्त. धाकटी म्हणाली, खुडूक कोंबडी दिवसभर एका जागी बसते, स्वतःचं अंग राखायला तिला वेळ मिळत नाही. उवांनी फार छळलं तर ती अंडी सोडून देईल.

"सोडली तर?"

"तर गार पडतील."

शनिवार, ८ मार्च

जनावरांची डॉक्टरीण आली. वय तिशीच्या आत, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं तुटक. मी रात्रीत जेवढं मिळालं तेवढं वाचून ठेवलं होतं. म्हटलं, मुळावर घाव घालायला हवा, आजच खुराडं उकळत्या पाण्याने धुवून काढू.

"धुवा, बिघडत नाही. फटींत लपणारे दुसरे किडे असतात, ते बघून घ्या. पण ऊ खुराड्यात राहत नाही. कोंबडीवर जन्मते, कोंबडीवरच मरते. तुमची लढाई पिसांत आहे, बाई." तिने पावडरीचा डबा काढला. "ही पिसांच्या मुळाशी गेली पाहिजे, वरवर शिंपडून उपयोग नाही. डोळे, नाक सांभाळा, त्यांचे आणि तुमचे. डब्यावर लिहिलंय तेवढे दिवस अंडी खायची नाहीत. आणि ही फक्त उवा मारते, लिखा नाही. आठवड्याभरात लिखा फुटतील, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा. खुडूक आहे तिला पिल्लं निघायच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र हात लावायचा नाही."

मग तिने अंगणात नजर फिरवली. "लोळायला जागा कुठे आहे यांना?"

"लोळायला?" मी म्हटलं. "अहो, ही सबंध फरशी मी घालून घेतली. धुळीचा कण दाखवा!"

डॉक्टरीण फरशीकडे बघत राहिली, मग धाकटीकडे. धाकटीने पटकन पाण्याचा तांब्या पुढे केला. घड्याळजींना खोकला आला. अशी स्वच्छता तिने कोंबड्यांच्या घरी बहुधा प्रथमच पाहिली असावी. जाताना ती एवढंच म्हणाली, "बघा, जमलं तर एखादा कोपरा." कसला कोपरा, ते काही बोलली नाही.

दुपारी काम झालं. काम कशाला म्हणायचं ते आज मला कळलं. घड्याळजींच्या जुन्या पायमोज्यात पावडर भरून गाठ मारली. तोंडाला फडकी बांधली. धाकटी कोंबडी धरायची, मी मोजा आपटायचा. निदान बेत तसा होता. मी इतक्या जोरात आपटला की पांढरी कोंबडी सुटली आणि घड्याळजी पांढरे झाले. "ताई, मला उवा नाहीत," ते म्हणाले. मग मोजाही धाकटीनेच घेतला. एका हाताने कोंबडी, दुसऱ्याने मोजा. थोपटल्यासारखा तो पिसांवरून फिरवायचा, बोटांनी पिसं उलटी करायची, पुन्हा थोपटायचं. कोंबडी तिच्या काखेत डोळे मिटून घ्यायची.

मग मास्तरणीची पाळी आली. घड्याळजी पेटीपाशी खिशातलं घड्याळ काढून बसले. अंडी लोकरीच्या फडक्याखाली झाकली, पेटीतला जुना पेंढा बदलला. "चार मिनिटं... सात... धाकटे, नऊ." मी तिला मारते तीच हाक तेही लाडाने मारतात. अकराव्या मिनिटाला मास्तरीण परत अंड्यांवर होती.

मी मोठमोठ्या माणसांचे हात जवळून पाहिलेत. उंचावले की मैदान गप्प व्हायचं असे हात. पण ज्या हातात घाबरलेला जीव आपणहून सैल पडतो, असा हात मी आज पाहिला; आणि साठ वर्षं तो माझ्याच बहिणीचा होता.

रविवार, ९ मार्च

उवा मेल्या! फुंकर मारून पाहिलं, एकही हलत नाही. मी जाहीर केलं की युद्ध संपलं.

"लिखा आहेत अजून," धाकटी म्हणाली.

"तू ना, आनंद म्हणून करायचा नाहीस कधी."

मंगळवार, ११ मार्च

खुराड्यामागे कोणीतरी राख-मातीने भरलेला टब आणून ठेवला होता. दोन कोंबड्या त्यात अंग घुसळत होत्या, आजूबाजूची फरशी माखलेली. शेजारचे लोक कुठेही कचरा टाकतात! मी टब गटारात रिकामा केला, घासला आणि उन्हात पालथा घातला. संध्याकाळी धाकटीने पालथा टब पाहिला आणि आत गेली. तिचा चेहरा दमलेला दिसतो. रोज नऊ कोंबड्या तपासायच्या म्हणजे थोडं नाही.

घड्याळजी म्हणाले, "ताई, तो टब आपलाच होता."

"म्हणून काय त्यात कचरा भरायचा?"

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि भिंग लावून परत घड्याळात शिरले.

गुरुवार, १३ मार्च

लिखा फुटल्या. मास्तरणीच्या अंगावर बारीक, जवळजवळ पारदर्शक उवा. बाकीच्यांवरही. डॉक्टरणीने आठवा दिवस सांगितला होता, त्याला अजून तीन दिवस आहेत. पण मास्तरीण आजच चारदा उठली. तिचा तुरा फिका पडलाय. एकदा ती उठून फरशीच्या मधोमध गेली, नखांनी ओरखडे काढले, बसली, एक पंख पसरून गुळगुळीत दगडावर अंग घासलं, मग उठून तशीच उभी राहिली. वेड लागल्यासारखी. मला बघवेना.

धाकटीने अंड्यांना हात लावून पाहिला. "कोमट आहेत." मग पहिल्यांदाच म्हणाली, "ताई, नाही जमायचं बहुतेक."

मी तिला धीर दिला. अर्धा तास बोलले. निराशा हा कसा ऐषाराम आहे, हे इतिहासातल्या दाखल्यांसह सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्येच अंड्यांवर फडकं टाकून आली.

शुक्रवार, १४ मार्च

हे नीट लिहायचंय. स्वतःला सोडायचं नाही.

धाकटी आणि घड्याळजी सकाळी त्यांच्या एका नातेवाइकाला भेटायला रुग्णालयात गेले. जाताना धाकटी म्हणाली, "मास्तरणीकडे लक्ष ठेव. उठली तर वेळ बघ. वीस मिनिटांच्या वर गेलं तर उचलून बसव." मी घड्याळ घेऊन पायरीवर बसले.

साडेदहाला ती उठली. दाण्याकडे गेली नाही, पाण्याकडे गेली नाही. सरळ माझ्या गुलाबाच्या मोठ्या कुंडीवर चढली. दोन लाथांत रोप आडवं. मी उठले, हात उगारला, ओरडणार एवढ्यात ती त्या मातीत बसली.

बसली म्हणजे कोसळलीच. कूस टेकवली, पाय ताणले, पंखाने माती उचलून पाठीवर टाकली. मग दुसरी कूस. मान मातीत घुसवून घासली. पिसं अशी फुलवली की प्रत्येक पिसाच्या मुळाशी माती जावी. शेपटीखाली, पंखांखाली, मानेत. पायमोजा घेऊन माझी बहीण जिथे जिथे पोचली होती, तिथे तिथे ही कोंबडी एकटी पोचत होती. पिसांच्या मुळाशी गेली पाहिजे, वरवर उपयोग नाही. कोंबड्यांना हे कोणी शिकवलं नसेल, त्यांना ते येतंच. आमच्या अंगणात याच कामासाठी खड्डे होते. मी ते फरशीखाली गाडले. टब रिकामा केला. कुंड्यांवरून हाकललं. आणि चिमण्यांना दोष दिला.

घड्याळात आठ मिनिटं झाली होती. अंडी उघडी. मी धावत जाऊन फडकं टाकलं. वरून माझी शाल. बारा मिनिटं. तिला उचलून नेऊ? उचलली असती तर तासाभरात परत उठली असती. तिचं तिला पुरं करू द्यावं? पण अंडी? पंधरा. मी आयुष्यात हजारो माणसांपुढे उभी राहिलेय, काय करायचं ते कधी कोणाला विचारलं नाही. आज विचारायला कोणी नव्हतं. सतरा. ती डोळे मिटून पडली होती. अठरा. मी एक शब्द बोलले नाही. बोलून काय उपयोग होता?

एकोणिसाव्या मिनिटाला ती उठली, अंग असं झाडलं की मातीचा ढग माझ्या तोंडावर आला, आणि ताठ मानेने पेटीत जाऊन बसली. चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं. नंतर दिवसभर उठली नाही.

ते दोघं परतल्यावर मी दारातच गाठलं. "मला सांगितलं का नाहीस?"

धाकटीने कुंडी पाहिली, मला पाहिलं. माझ्या केसांत अजून माती होती. तिला कळलं. "काय सांगणार? इतक्या हौसेने घातलीस फरशी."

"हौस गेली खड्ड्यात!"

"खड्डेच तर राहिले नाहीत, ताई," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," धाकटी त्यांना म्हणाली, आणि पायरीवर बसली. "लहानपणापासून तू बोलायचंस आणि मी ऐकायचं, अशीच आपली रीत. तू बोलायला लागलीस की मलाच वाटायला लागतं, हिचं बरोबर असेल. आणि खरं सांगू? तू इथे राहायला यावंस म्हणून चार वर्षं वाट बघितली मी. आल्या आल्या तुला चुकलीस म्हणायचं?"

"कोंबड्या मेल्या असत्या तरी बोलली नसतीस?"

ती उठून मास्तरणीच्या पेटीकडे गेली.

शनिवार, १५ मार्च

गवंडी आला. "ताई, याच जागी उभं राहून तुम्ही मला धुळीवर भाषण दिलंत. मी घरी जाऊन बायकोला ऐकवलं. आमच्या अंगणातही फरशी घालायला निघाली होती ती."

"तिला म्हणावं, थांब."

घण आणला होता त्याने. दहा मिनिटांचं काम म्हणाला. धाकटीने घण बाजूला ठेवला. दणके बसले तर अंड्यांतला जीव हादरेल. मग पहारेने एकेक फरशी हळूच उचकटत, सबंध दिवस गेला. उन्हाचा, आडोशाचा कोपरा मोकळा केला. एका टोकाला मीही पहार धरली. माती चाळली, वाळू मिसळली, चुलीतली थंड राख मिसळली. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून वर पत्रा. धाकटी मुठीत माती घेऊन बोटांतून सोडून बघत होती. "अजून बारीक," म्हणायची. मी पुन्हा चाळायची.

पहिली कोंबडी उतरली तेव्हा माती पुरती पसरलीही नव्हती.

रविवार, १६ मार्च

दुसऱ्यांदा पावडर. या वेळी मी धरलं, धाकटीने थोपटलं. मास्तरीण दहा मिनिटांत परत.

गुरुवार, २० मार्च

मास्तरीण रोज एकदा उठते: दाणा, पाणी, माती, पेटी. घड्याळजींनी वेळा लिहून भिंतीला चिकटवल्यात. त्यांच्या दुकानातलं एकही घड्याळ इतकं वेळेवर नसेल. आज खोली अंधारी करून त्यांनी विजेरीच्या उजेडापुढे अंडी धरली, भराभर, एकेक. तीन नुसती पिवळी, आत काही नाही. एकात रक्ताचं कडं गोठलेलं. "हे गेलं," ते म्हणाले. "केव्हा?" मी विचारलं. "तेराच्या आसपास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचं हे न बघणं मी विसरणार नाही.

सात उरली. सातांतही काळोख दाटलेला, आणि एका कडेला काहीतरी हललं.

आता तिला हात लावायचा नाही.

रविवार, २३ मार्च

पहाटे धाकटीने मला हलवून उठवलं. पेटीपाशी नेलं, कान लाव म्हणाली. मास्तरणीच्या पोटाखालून चिवचिव, आणि ती गळ्यातल्या गळ्यात उत्तर देत होती. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून होतो. धाकटी रडत होती. मलाही बोलायचं होतं, पण तिने बोट ओठांवर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत सहा. सातव्याला भोक पडलंय, पुढे सरकत नाही. मी म्हटलं, टरफल काढू या. "नाही. त्याचं त्याला फोडू दे."

सोमवार, २४ मार्च

सातवं निघालं. काळं. धाकटीने आईचं नाव घेतलं आणि ते तळहातावर धरलं.

शुक्रवार, २८ मार्च

मास्तरीण सातजणांना घेऊन कोपऱ्यात गेली आणि मातीत आडवी झाली. पिल्लं भोवती उभी राहून बघत होती. मग एक बसलं, पंख म्हणून जे काही असतं ते पसरलं आणि उताणंच पडलं. घड्याळजी काम सोडून दारात आले होते. "शाळा भरली," म्हणाले.

आईच्या अंगावरची ऊ पिल्लाच्या डोक्यावर चढते, म्हणून दर आठवड्याला सगळ्यांना तपासायचं. आज धाकटीने मास्तरणीला उचललं आणि माझ्या काखेत दिलं. डोकं मागे, शेपटी पुढे. "बघ तू," म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.

मास्तरीण आधी ताठ होती. मग तिचं वजन हळूहळू माझ्या हातावर आलं. मी शेपटी वर केली, फुंकर मारली. पिसं दुभागली. गुलाबी, स्वच्छ कातडी. पंखांखाली काही नाही. मानेत काही नाही. एका पिसाच्या मुळाशी जुन्या लिखांची रिकामी टरफलं, ते पीस मी कात्रीने कापून कागदात घेतलं.

"काय आहे?" आतून धाकटीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

उत्तर द्यायच्या आधी मी पुन्हा एकदा फुंकर मारली.